हजेरी आहे, पण मन वॉर्डात आहे का?

महोदय,

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून क्षमताधिष्ठित (म्हणजे पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष कौशल्यावर भर देणारी) पद्धत आली आणि पहिल्याच वर्षी विद्यार्थी रुग्णाजवळ जाऊ लागला, हे स्वागतार्ह आहे. लेखी विषयांना ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरीची अटही आहे. पण हजेरीपटावरच्या सहीने अभ्यासाची ओढ निर्माण होत नाही. खाटेशेजारी उभे राहून प्रश्न विचारू देणारा शिक्षक लाभला, की मागच्या बाकावरची मुलेही वॉर्डात रेंगाळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. तीच मुले अंतिम वर्षात मात्र पदव्युत्तर प्रवेशाच्या बहुपर्यायी परीक्षेसाठी ऑनलाइन शिकवणीकडे वळतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना तर सुरुवातीला शरीररचनेआधी इंग्रजीशीच झगडावे लागते. शिक्षकांची रिक्त पदे भरावीत आणि रुग्णतपासणीच्या कौशल्यालाही प्रवेशात गुण मिळावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त वैद्यकीय शिक्षक, नाशिक