बॅटरी थकली म्हणून अख्खी गाडी फेकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत भाच्याला रिमोटची गाडी घेतली होती, मोठ्या चाकांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे भुसावळला आला तेव्हा ती पिशवीत घालूनच घेऊन आला, कारण आधी आरामात पंधरा मिनिटं पळणारी गाडी आता जेमतेम तीन मिनिटं चालायची आणि मग रांगायला लागायची. एका दुकानात दाखवली तर त्यांनी न उघडताच सांगून टाकलं, "मोटर गेली ना भो, नवीच घ्या आता." पोराचं तोंड एवढंसं झालं.

घरी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. आत सहा सेलचं निकेलवालं पॅक, एकेक सेल 1.2 व्होल्टचा, मिळून 7.2. चार्ज करून नुसतं मोजलं तर आठच्या आसपास व्होल्ट दाखवत होतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बॅटरी ठणठणीत आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. मग भाच्याला चाकं हाताने हलकी अडवून धरायला सांगितली, रिमोट दाबला, दोनच सेकंद, आणि आकडा धाडकन पाचच्या खाली आला! पॅकवरचं प्लास्टिक बाजूने जपून कापलं आणि तसाच लोड देऊन, म्हणजे मोटर चालवून, एकेक सेल मोजला, पाच सेल चांगले होते पण सहावा चक्क मायनस दाखवत होता. रांगेतला एक सेल आधी रिकामा झाला की बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, तो उलटा चार्ज होऊन अजून खराब होतो आणि सगळी गाडी त्या एकामुळे बसते. मोटर बिचारी चांगलीच होती.

हे झालं कशाने, तर रात्रभर चार्जिंगला लावल्याने. पॅकवर 700 एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिलेलं, चार्जरवर 250 मिलीअँपिअर, म्हणजे थोडा तोटा धरला तरी चार तासात काम होतं, पण गाडीसोबत येणाऱ्या साध्या चार्जरमध्ये भरल्यावर बंद व्हायची सोय बहुधा नसते, तो सकाळपर्यंत बॅटरी तापवत राहतो. मी सहाही सेल नवे टाकले, एकाच कंपनीचे, एकाच एमएएचचे, आधीच पट्टी लावलेले, कारण थेट सेलवर सोल्डर केलं तर तो उष्णतेने खराब होतो. एकच नवा टाकून पाच जुने ठेवू नका, महिनाभरात परत तीच रड. आणि हे सगळं करायच्या आधी रिमोटमधले सेल बदलून बघा, बॅटरी जोडायच्या सॉकेटच्या पिना काळ्या पडल्यात का ते बघा, गाडी चालल्यावर सॉकेट हाताला गरम लागत असेल तर दोष तिथेच आहे.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो, हे उघडून बघणं फक्त निकेलच्या पॅकसाठी. हल्लीच्या फास्ट गाड्यांमध्ये आणि ड्रोनमध्ये लिथियम पॉलिमर असते, चपटी, मऊ पाकिटासारखी, तिला कधीच कापू किंवा टोचू नका. तिच्या बारीक पांढऱ्या सॉकेटवरून प्रत्येक सेल मोजता येतो, फुल चार्जला 4.2 व्होल्ट पाहिजे, चार्ज करूनही एक सेल 4.2 आणि दुसरा 3.8 वरच अडकला असेल तर ती थकली समजा. सेल तीन व्होल्टच्या खाली उतरला की कायमचा बिघडू शकतो, त्यामुळे "पूर्ण संपवून मगच चार्ज करा" हा जुना निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला इथे लावू नका. फुगली असेल तर चार्जिंगला लावायचीच नाही. निकेलचा चार्जर लिथियमला लावला तर घरात आग लागू शकते, आणि आपल्याकडे पोरं पिन बसली की लावून मोकळी होतात हो.

आपल्या भागात तर जास्तच जपायला पाहिजे. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशाच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला नुसती हवाच तेवढी तापते, मग पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत काय होत असेल. सकाळी लवकर चार्ज करा, खेळून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, आणि सुट्टी संपली की फुल भरून कपाटात टाकू नका, सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवा.

माझं म्हणणं दुकानदारांना आणि नगरपालिकेला आहे. शेतकऱ्याचा फवारणीचा बॅटरी पंप बंद पडला तर आपल्याकडे कोणी पंप फेकून द्या म्हणत नाही, आधी बॅटरी चेक करतात. मग दीड-दोन हजाराच्या खेळण्यालाच का फेकायला सांगता, मीटर लावायला दोन मिनिटं लागतात, त्याचे पन्नास रुपये घ्या, लोक खुशीने देतील. आणि खरंच मेलेली बॅटरी द्यायची कुठे? केंद्राच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांत या छोट्या बॅटऱ्याही येतात, त्या परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे आणि आपण त्या इतर कचऱ्यात टाकायच्या नाहीत असं त्यात स्पष्ट आहे. पण आमच्या गल्लीत घंटागाडी येते तेव्हा सगळं एकातच जातं, कॅडमियमवाले सेलसुद्धा, आणि फुगलेली लिथियम बॅटरी त्या ढिगात दाबली गेली तर पेट घेऊ शकते, गाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी.

घंटागाडीला बाजूला एक झाकणाचा डबा लावा, नाहीतर प्रत्येक वॉर्डात एका मोबाईल रिपेअरवाल्याकडे तो ठेवा. शेजारच्या पोराच्या ड्रोनची फुगलेली बॅटरी दोन महिन्यांपासून माझ्याकडे जिन्याखाली वाळूच्या घमेल्यात पडून आहे, डबा आला की पहिली तीच आणून टाकतो.

आपला एक वाचक,
भुसावळ