आधी कॉपी, मग दुरुस्ती: डीडीरेस्क्यूच्या कर्त्याला पत्र

श्री. अँटोनियो दियाझ दियाझ यांस,
सप्रेम नमस्कार.

२००४ पासून तुम्ही डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा कॉपी करून वाचवणारा प्रोग्राम लिहिताय, सांभाळताय आणि मोफत देताय. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. मरायला टेकलेल्या डिस्कवरून चांगला भाग आधी उचलायचा आणि खराब जागेच्या मागे नंतर लागायचं, ही शिस्त तुम्ही प्रोग्राममध्येच बसवलीत.

आमच्याकडे डिस्क अडली की हात आधी चेकडिस्ककडे, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडकडे जातो, तोही ‘स्लॅश आर’ हा पर्याय लावून. लाइट गेल्याने फाइल सिस्टीमच्या नोंदी बिघडल्या असतील तर नुसतं ‘स्लॅश एफ’ पुरतं. ‘स्लॅश आर’ मात्र सेक्टर न् सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा प्रत्येक छोटा कप्पा वाचतं. डिस्कच खराब होत असेल तर ती प्रत्येक वाईट सेक्टरवर पुन्हा पुन्हा घुटमळते आणि एरवी हाती लागला असता तो डेटाही जातो.

म्हणून आधी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यातले, आकडे बघायचे. ५ क्रमांक म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले. १९७ शून्याच्या वर असेल तर चेकडिस्कला हात लावू नये. १९९, म्हणजे डेटा नेताना झालेल्या चुका, वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा. केबल बदलल्यावर हा आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबतो. हे माहीत नसल्याने धडधाकट डिस्क भंगारात जातात.

मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, आजारी डिस्क माउंट करायची नाही, म्हणजे तिच्यातल्या फाइल उघडायला जोडायची नाही. कॉपी घ्यायची ती दुसरी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. कुठली कोणती, हे नाव आणि साइज दोनदा ताडून बघावं, कारण उलटी कॉपी झाली तर सगळंच पुसलं जातं. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी ‘मायनस एन’ लावून, म्हणजे खराब जागा खरवडत बसणं टळतं. दुसरी त्याच्याशिवाय, ‘मायनस डी’ (डिस्क थेट वाचायला) आणि तीन प्रयत्नांसह. यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे ५०० जीबीला चार-पाच तास, तेही डिस्क बरी असेल तर. चेकडिस्क चालवायचं ते या कॉपीवर. टक-टक आवाज करणाऱ्या डिस्कची मात्र वायर लगेच काढावी, तिथे सॉफ्टवेअरचं काम नाही.

आणि मॅपफाइल! कुठला भाग आला, कुठला राहिला, याची नोंद ती ठेवते. मध्येच लाइट गेली तर तीच कमांड पुन्हा द्यायची, काम राहिलं होतं जवळपास तिथूनच पुढे सरकतं. फक्त ती फाइल लाइव्ह लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नये, रीस्टार्ट होताच पुसली जाते. वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी.

या मॅपफाइलसाठी मनापासून आभार.

आपले,
जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारे