इशापूरची थ्री-नॉट-थ्री आणि सुभेदारसाहेब

आदरणीय सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही साताऱ्याला परतलात, पण आभार मानायचे राहूनच गेले. समोर बोललो असतो तर हात झटकून विषय बदलला असतात, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

टेक्सासला लेकीकडे आलेला माणूस नातवंडांत रमतो. तुम्ही माझ्या १९४२ च्या ली-एन्फील्ड रायफलीसाठी अख्खा रविवार दिलात. मुकुटाखाली जी.आर.आय. ही ब्रिटिश राजाची नाममुद्रा, त्याखाली इशापूर, म्हणजे बंगालमधल्या रायफल कारखान्याचं नाव, हे वाचूनच मी भाळलो होतो. विकणाऱ्याने ‘सगळे नंबर जुळतात’, म्हणजे सगळे भाग मूळचेच, असं छातीठोक सांगून त्याचे जादा पैसे उकळले. दुसऱ्या एका जाणकाराने लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू पाहून ‘ही गावठी डागडुजी’ म्हणत नाक मुरडलं, वर लाकूड घासून चकचकीत पॉलिश मारायचा सल्लाही दिला. फुकटात!

तुम्ही रायफलीला हात लावण्याआधी स्क्रूड्रायव्हर मागितलात. माझा पाहून मान हलवलीत आणि धारेच्या दगडावर त्याचं टोक घासत बसलात. घासायचं, खाचेत बसवून बघायचं, परत घासायचं. चहा निवून गेला. ‘ऐंशी वर्षांत कुणी ही खाच बिघडवली नाही, आपण कशाला बिघडवायची?’ एवढंच बोललात. साहेब, त्या रायफलीची एवढी अदब आजवर कुणी राखली नव्हती.

नळी, तिच्या तोंडाशी असलेली नोजकॅप, नेम धरायच्या साइटची पट्टी, पुढच्या लाकडाची खालची बाजू, सगळीकडे एकच नंबर. काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या दांड्यामागे मात्र जुना आकडा घासून नवा ठोकलेला. भिंग आधी माझ्या हातात दिलंत, मग बोललात. आणि त्या ‘गावठी’ स्क्रूवर बोट ठेवून हसलात, ‘हा तर इशापूरचाच. लाकूड फाटू नये म्हणून.’

बोल्ट परका, बाकी अस्सल. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) म्हणून हयात घालवलेल्या माणसाला हे कळावं यात नवल नाही. पण ज्याच्याकडून दमडी मिळायची नाही, त्याची वस्तू इतक्या मायेने हाताळायची? अशी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय.

तुम्ही बजावलंत तसं गोळी झाडण्याआधी गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बोल्टपुढे काडतूस बसायला उरणारी जागा, तपासून घेतलं, ठीक निघालं. विकणाऱ्याला बोल्टचा फोटो पाठवलाय; तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. पुढच्या खेपेला आलात की पहिला रविवार माझा, तुमच्या लेकीला आत्ताच सांगून ठेवलंय.

आपला,
टेक्सासचा शेजारी