नागावचा केरू, कुलाब्याची रात्र

मुलुंड, मुंबई
मे अखेर, रोहिणी नक्षत्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

पांढऱ्या कांद्याची माळ आणि तुझं पत्र, दोन्ही पोचलं. माळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगली आहे. हा कांदा फोडणीला जाळायचा नाही, जेवताना कच्चाच खायचा, असं आईने सगळ्यांना बजावून ठेवलंय. तू विचारलंस की सध्या काय लिहितोयस आणि दिवस कसा जातो. उत्तर लांबणार आहे, तेव्हा दुपारी पडवीत बसून सवडीने वाच.

मी पहाटे साडेचारला उठतो. मे महिन्यात मुंबईत लिहायची वेळ ती एवढीच. पारा चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, पण हवा इतकी दमट की आठ वाजेपर्यंत मनगटाखालचा कागद ओला होतो आणि शाई फुटते. म्हणून उजाडायच्या आत जेवढं होईल तेवढं माझं. नंतर मुद्रितशोधनाचं काम, तेच घर चालवतं. सध्या शालेय भूगोलाची पुस्तकं आहेत. ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता मी पुन्हा नद्यांची खोरी शिकतोय, आणि मला ते मनापासून आवडतंय. गच्चीवरचं वाळवण उतरलं, कुरडया डब्यात गेल्या, साखरांब्याच्या बरण्यांना दादरे बांधून झाले. हापूस संपत आला. सोसायटीच्या पत्र्यांवर ताडपत्री चढली. संध्याकाळी गच्चीवरून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीवर वीज लवते, आवाज मात्र येत नाही.

अक्षय्य तृतीया उलटली की संपादकांचे फोन सुरू होतात, हे तुला ठाऊक आहे. बाहेरच्यांना नवल वाटतं की दिवाळीतलं साहित्य भर उन्हाळ्यात कसं लिहितात. पण १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे कथाकाराचं वर्ष असंच चालत आलंय. कंदील लागायच्या वेळी वाचायचं ते घामाच्या धारांत लिहायचं. या वर्षी दोन कथा कबूल केल्यात. त्यातली एक पूर्ण झाली, ती चावीवाल्याची. महापालिकेच्या पाणी खात्यात रस्त्यावरचे व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला माणूस येतो ना, हातात लांब लोखंडी दांडा घेऊन, तो. आमच्या भागातल्या चावीवाल्याशी माझी ओळख झाली. त्याच्याबरोबर पहाटे गल्ल्या फिरलो. कुठल्या चाळीला पाणी किती वाजता चढतं, कुठला म्हातारा त्याच्या दांड्याचा आवाज ऐकून उठतो, कुठल्या बाईच्या घरी लग्न आहे म्हणून तिथल्या लोकांनी थोडं जास्त वेळ मागितलंय, हे सगळं त्याला तोंडपाठ. मुंबईला सात तलाव पाणी देतात. पहिला विहार, तो १८६० चा. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा तर पार शहराबाहेर ठाणे-नाशिककडे आहेत. शंभर किलोमीटरवरून आलेलं पाणी शेवटच्या वळणावर या एका माणसाच्या मनगटातून जातं. मेअखेरीस तलाव खाली जातात, कपात लागते, आणि सगळी गल्ली त्यालाच जाब विचारते. तो शांतपणे म्हणतो, "वरून आलं की देतो." कथेत त्याचं हे वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. दुसरी कथा स्टेशनच्या पुलाखाली छत्र्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराची आहे. तिचा शेवट अजून हाती आलेला नाही.

शिवाय कॉलनीतल्या मुलांचं बालनाट्य. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, त्याआधी सभागृहात प्रयोग करायचा. मुलं रोज संध्याकाळी घामाघूम होऊन येतात आणि संवाद स्वतःच बदलतात. बहुतेक वेळा त्यांचे संवाद माझ्याहून चांगले असतात, मी लगेच वहीत उतरवून घेतो.

आता खरी गोष्ट. बंड्या, ज्या कादंबरीबद्दल मी तुला मोघम बोललो होतो, तिचा नायक तुझ्या गावचा आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना. १८२५ साली अलिबागेशेजारच्या नागावात जन्मलेले. आपण त्यांना ओळखतो ते पुण्याचे गणिताचे प्राध्यापक म्हणून, टिळकांचे गुरू म्हणून, 'ग्रहसाधनाची कोष्टके'चे कर्ते म्हणून. मला त्या केरूनानांविषयी लिहायचं नाही. मला हवा आहे त्याच्या आधीचा पंधरा वर्षांचा केरू, जो १८४० साली कुलाब्याच्या वेधशाळेत लागला आणि पुढची दहाएक वर्षं तिथे राहिला.

जरा चित्र डोळ्यांपुढे आण. कुलाबा तेव्हा नुकताच मुंबईला जोडला गेला होता, कॉजवे १८३८ चा. त्याआधी ते बेट. रेल्वे नाही, ती १८५३ मध्ये येणार. रस्त्यावर गॅसचे दिवे नाहीत, ते १८६५ मध्ये. दक्षिण टोकाला समुद्राच्या वाऱ्यात वेधशाळा उभी. ऑर्लेबार हे एल्फिन्स्टनचे प्राध्यापक तिथले प्रमुख. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनीही पुढे त्या वेधशाळेचं काम पाहिलं. आणि आत हा कोकणातला पोरगा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवेच्या नोंदी तिथे तासातासाला घेतल्या जात, दिवसा आणि रात्रीही. दर तासाला चुंबकसूचीचा, म्हणजे चुंबकाच्या सुईचा, कोन वाचायचा, वायुभार वाचायचा, तपमान वाचायचं आणि वहीत आकडा लिहायचा. मग पुढच्या तासाची वाट पाहायची.

मी कादंबरीत अडकलो आहे तो या वाट पाहण्यात. दोन आकड्यांच्या मधला तो तास. पंधरा वर्षांचा मुलगा रात्री अडीच वाजता काय करत असेल? कमरेची किल्ली, खिशातला चाकू बाहेर ठेवून आत जायचं, कारण लोखंड जवळ आलं की सूची ढळते. मी त्याला कुणी प्रेयसी दिलेली नाही. कुणाला मारलेलंही नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीने गडांना, राजांना, लढायांना भरभरून दिलं आणि ते द्यायलाच हवं होतं. पण रात्रभर जागून वही भरणारी माणसंही याच मातीतली, आणि त्यांच्या वाट्याला फार थोडी पानं आली. मला त्यांची पानं लिहायची आहेत.

त्या वह्यांचं पुढे काय झालं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरून उठलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, आजवर नोंदलेल्यांपैकी सर्वांत मोठ्यांपैकी एक. कुलाब्याच्या नोंदीत ते टिपलं गेलं. केरूनाना तोवर तिथून गेले होते, पण वही चालूच होती. आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता ठरवली ती त्याच कुलाब्याच्या आकड्यांवरून. त्या दिवशी ज्या हाताने आकडा लिहिला त्याचं नाव आज कुणाला माहीत आहे? त्याला तरी कुठे माहीत होतं की सूची एवढी का हलली. त्याने फक्त जे दिसलं ते लिहिलं, कमी नाही, जास्त नाही. पहाटे टेबलाशी बसताना मी रोज त्या अनाम माणसाला मनोमन नमस्कार करतो. मला वाटतं, लेखकाने करायचं ते हेच आहे, आणि ते करायला फार धीर लागतो.

तुला आठवतं, २६ जुलै २००५ ला आपण कुर्ल्याहून मुलुंडपर्यंत छातीभर पाण्यातून चालत आलो होतो? त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला शंभरही नाही. दोन्ही आकडे खरे. कादंबरी लिहिताना मी हे सतत मनाशी घोळवतो. केरूच्या वहीत कुलाब्याचा पाऊस आहे, नागावात त्याच रात्री कसा पडला ते तिथे नाही. त्याच्या मनात मात्र दोन्ही असणार.

म्हणूनच मला घाई आहे. त्याच्या पहिल्या पावसाचं प्रकरण मला खरा पाऊस यायच्या आत लिहून संपवायचं आहे. मुंबईत मान्सूनची ठरलेली तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला, तेव्हा तारखेचा भरवसा नाही. एकदा आमच्या गॅलरीत सरी आल्या की मी माझाच पाऊस लिहायला लागेन. त्या मुलाचा पाऊस लिहायला मला आत्ताची ही तगमग हवी, ढग भरून येतात आणि कोरडेच निघून जातात ती. त्यालाही पहिल्या वर्षी हीच वाट पाहावी लागली असेल, एकट्याला, हातात वही घेऊन.

शनिवारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसतो. १८९८ पासूनची ती संस्था. पंख्याखालची जागा मिळाली तर दिवस सोन्याचा. त्या काळातलं मराठी वाचतो, शब्दांसाठी कमी आणि माणसं एकमेकांशी बोलताना कुठे थांबत त्यासाठी जास्त. परतीच्या स्लो लोकलमध्ये उभ्या उभ्या टिपणं करतो.

आता तुझ्याकडे मागणं. कादंबरीचा शेवटचा भाग तुमच्या अलिबागेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय नोंदी बिघडतील हे वेधशाळेच्या लोकांनी आधीच ओळखलं. तेव्हा प्रमुख होते नानाभाई मूस. त्यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. चुंबकाला न ओढणारा पोरबंदरी दगड वापरला, लोखंड टाळलं. ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे नागावहून कुलाब्याला गेलेलं काम साठेक वर्षांनी खाडी ओलांडून केरूच्या गावाशेजारी परत आलं. ही योजना माझी नाही, इतिहासानेच तशी केली, आणि मला ती जशीच्या तशी वापरायची आहे. तू त्या इमारतीवरून आयुष्यभर सायकल दामटली आहेस. एकदा तिच्यासमोर मुद्दाम थांब, आणि बाहेरून काय काय दिसतं, कुठली झाडं आहेत, समुद्राचा आवाज तिथवर येतो का, ते मला लिही.

दुसरं, नागावच्या रात्रीबद्दल. मेअखेरीस सुपारीच्या वाडीत वारा कसा वाजतो? विहिरीचं पाणी किती पायऱ्या खाली गेलेलं असतं? पावसाची चाहूल सगळ्यांत आधी कशाने लागते, मुंग्यांनी, बेडकांनी, की समुद्राच्या रंगाने? तुझे वडील याबद्दल जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढ, नीटनेटकं करू नकोस. कुलाब्यात बसलेल्या पोराला घरचं काय आठवत असेल ते मला तिथूनच मिळणार आहे. गावात छत्रे घराण्याच्या जुन्या घराबद्दल कुणी म्हातारं माणूस काही सांगत असेल तर तेही विचार.

आणि जमलं तर ये. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात, पण भाऊच्या धक्क्याची रो-रो चालू असते. १ जूनला मासेमारी थांबते, त्याच्या आत आलास तर कोळणीकडून ताजी सुरमई आणून ठेवतो. पहिली प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवेन. तू मध्येच टोकतोस, "असं कुणी बोलत नाही," ते मला हवं आहे. वहिनींना आणि मुलांना घेऊन ये, आमच्या बालनाट्याला प्रेक्षकही हवेत. काकांना नमस्कार.

तुझा,
शिरू

ता. क. उत्तर फोनवर देऊ नकोस. कागदावरच लिही, म्हणजे मला हस्तलिखिताशेजारी ठेवता येईल.