विंचवाच्या औषधाचा इतिहास लिहिणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

विंचवाच्या औषधावर तुम्ही लिहिलेलं प्रकरण वाचायला मिळालं, तेही मराठीत. कोकणात माहिती गोळा करायला बरेच जण येतात, पण लिहिलेलं आम्हाला वाचायला कुणी आणून देत नाही. म्हणून हे आभार चारचौघांत मानते.

निवृत्त होईपर्यंत मी गुहागर तालुक्यात आरोग्यसेविका होते. लाल विंचू चावला की माणूस घामाने निथळतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. फुफ्फुसांत पाणी झालं तर जीवही जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ही लक्षणं रुग्णाच्या उशाशी बसून टिपली. १९८२ साली ती लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि १९८६ मध्ये रक्तदाबाच्या प्राझोसिन गोळीचा यावरचा उपयोगही. औषध विलायतेत ठरायचं, मुंबईत पोचायचं आणि मग आम्ही वाटायचं, हीच इंग्रजांच्या काळापासूनची वाट आम्ही धरून होतो. ज्ञान महाडहून लंडनलाही जातं, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मला फार अभिमान वाटला.

त्याहून भिडलं ते पुढचं. गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठू द्यायचं नाही. तीन तासांनी पुन्हा गोळी, हातपायांत ऊब येईपर्यंत. रात्रभर हे करतं कोण? नर्स, आणि उशाशी बसलेली आई. तुम्ही आमच्या वह्या मागून घेतल्यात, पाय कधी कोमट झाले ते विचारलंत. या कामाला विज्ञानाचं काम म्हणणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

आणि विंचू उतरवणारे आजोबा! त्यांच्या ओटीवर बसून तुम्ही विचारलंत, लोक आधी तुमच्याकडे का येतात? "दवाखाना लांब, तोवर कुणीतरी जवळ बसायला हवं ना," असं ते म्हणाले. ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत. मात्र मंत्रात वेळ गेला तर माणूस दगावतो, हेही स्पष्ट लिहिलंत. आजोबांनी नातवाकडून सगळं वाचून घेतलं. आता कुणी आलं की ते आधी १०८ ला फोन लावायला लावतात, मग शेजारी बसतात. भिंतीवरच्या आमच्या पोस्टरांना हे इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

आणखी चार प्रती पाठवाल का? नव्या सेविका मागताहेत, आणि भातकापणी तोंडावर आली आहे.

तुमची,
एक निवृत्त आरोग्यसेविका