बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, "कोलेस्टेरॉल रक्तातले, गोळी पोटात जाते, मग तू इतकी वर्षे यकृताच्या पेशी घेऊन काय बसली आहेस?" प्रश्न अगदी रास्त होता आणि मी घाईत दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

पोटात घेतलेले औषध आतड्यांतून रक्तात उतरते, परंतु ते रक्त थेट शरीरभर न जाता आधी यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग याच वाटेने येतो. तेथील पेशींत औषधांची मोडतोड करणारी एन्झाइम्स असतात आणि काही औषधांचा मोठा हिस्सा या पहिल्या फेरीतच संपतो. या एन्झाइम्सवर पुष्कळ काम झालेले आहे. माझे मन मात्र त्याच्या अलीकडच्या टप्प्यात गुंतले आहे: औषध मुळात पेशीत शिरते कसे?

बाबा, तुमची गोळी स्टॅटिन वर्गातली आहे. ती ज्या एन्झाइमला अडवते ते मुख्यतः यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल तयार करत असते, म्हणून औषधाने तेथेच पोहोचायला हवे. पेशीच्या आवरणात बसलेली वाहक प्रथिने त्याला आत ओढून घेतात. त्यांतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचे नाव ओएटीपी-१बी-१. काही माणसांत त्याच्या जनुकातले एकच अक्षर वेगळे असते आणि प्रथिनाचे काम मंदावते. मग औषध यकृताबाहेर, रक्तात अधिक राहते आणि स्नायूंना त्रास देऊ शकते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिमव्हास्टॅटिनची रोज ८० मिलिग्रॅम इतकी मोठी मात्रा घेणाऱ्यांकडे पाहिले होते. आई आणि वडील दोघांकडूनही हा बदल आलेल्यांत स्नायुविकाराचा धोका सुमारे १८ टक्के निघाला. बदल नसलेल्यांत तो एक टक्क्याहूनही कमी होता. हे वाचले तेव्हा मी विद्यार्थिनी होते, आणि एका अक्षराचा एवढा परिणाम पाहून मी याच विषयात राहायचे ठरवले.

आता माझे टेबल कसे असते ते सांगते. प्रत्यारोपणासाठी न वापरता आलेल्या, दान मिळालेल्या यकृतांतून वेगळ्या केलेल्या पेशी आमच्याकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या असतात. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरायची आणि बर्फाचा शेवटचा कण उरताच बाहेर काढायची. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत. सुरुवातीला एकदा माझ्या हातून उशीर झाला आणि कुपीतल्या बहुतेक पेशी मेल्या. कोणाच्या तरी घरच्यांनी दुःखाच्या घडीला घेतलेल्या निर्णयामुळे त्या माझ्यापर्यंत आल्या होत्या, याचे मला फार वाईट वाटले, आणि तेव्हापासून कुपी हातात असताना मी कोणाशीही बोलत नाही.

या पेशी कोलॅजन या प्रथिनाच्या दोन थरांमध्ये ठेवल्या की चार-पाच दिवसांत एकमेकींना बिलगतात आणि त्यांच्या सांध्यांत पित्ताच्या अतिसूक्ष्म नलिका तयार होतात. मग आम्ही एक द्रव्य घालतो, जे बाहेर चमकत नाही. पेशी ते आत घेऊन तोडते तेव्हा ते हिरवे होते, आणि दुसरे एक वाहक प्रथिन, एमआरपी-२, ते नलिकेत ढकलते. सूक्ष्मदर्शकाखाली आधी पेशी फिकट हिरव्या दिसतात, मग पेशींच्या मधल्या रेषा हळूहळू उजळतात. शरीराबाहेर, काचेच्या बशीत, यकृत आपले काम करताना दिसते. हे मी शेकडो वेळा पाहिले आहे, तरी दर वेळी श्वास रोखूनच पाहते.

एका औषधामुळे दुसऱ्याची वाट कशी अडते, हे आम्ही याच बशीत तपासतो. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिन या औषधाचे उदाहरण मला सर्वांत विलक्षण वाटते: त्याची पहिली मात्रा ओएटीपीचे दार अडवते, पण तेच औषध काही दिवस घेतले तर यकृत मोडतोडीची एन्झाइम्स अधिक बनवू लागते. म्हणजे सोबतच्या औषधाची रक्तातली पातळी पहिल्या दिवशी वाढू शकते आणि आठवड्याभराने तीच घटू शकते.

म्हणून बाबा, पाय दुखतात ते वयामुळेच असे परस्पर ठरवू नका. गोळीही आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. कोणी नवे अँटिबायोटिक लिहून दिले तर स्टॅटिन चालू असल्याचे आधी सांगा, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधे त्याची पातळी बरीच वाढवतात. आई, तू गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल घेतेस आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते, तेव्हा पाकिटावरचे घटक वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नकोस.

तुम्ही दोघे घेत असलेल्या सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहून मला त्याचा फोटो पाठवा. मी तो नीट वाचीन आणि डॉक्टरांना काय विचारायचे ते लिहून कळवीन.

तुमची,
ताई