खान्देशातल्या पेंटरांचे प्रदर्शन खान्देशातच भरवावे

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

कीथ हेरिंग या अमेरिकन चित्रकाराच्या पॉप शैलीतल्या आणि रस्त्यावरच्या कामाचे मोठे प्रदर्शन २०२३ साली लॉस एंजेलिसच्या ‘द ब्रॉड’ संग्रहालयात उघडले आणि तिथून ते टोरांटो व मिनीॲपोलिसलाही गेले. जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा शिक्षक या नात्याने मी आपले लक्ष तिकडे वेधत आहे. रस्त्यावर चित्रे काढल्याबद्दल ज्याला पोलिसांनी पकडले होते, त्या माणसाला संग्रहालयांनी मानाने आत घेतले. भिंतींवर आणि पाट्यांवर जन्मभर रंगकाम केलेल्या आमच्याकडच्या चित्रकारांसाठी असे एखादे दालन उघडल्याचे मी मात्र अजून पाहिलेले नाही. ते आपल्या विभागाने उघडावे, आणि खान्देशातच उघडावे, ही या पत्रातली माझी एकमेव मागणी आहे.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एखाद्या जाहिरातीची मुदत संपली की नवी येईपर्यंत त्या चौकटीत काळा कागद डकवत असत. १९८० ते १९८५ या काळात हेरिंगने त्या कागदांवर पांढऱ्या खडूने असंख्य चित्रे काढली. रांगणारे बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे असे त्यांचे विषय असत. रेघ सलग, खोडाखोड नाही, आणि भोवती कामावर निघालेले प्रवासी उभे. १९८६ साली हार्लेममधल्या एका मैदानाच्या भिंतीवर त्याने अमली पदार्थांविरुद्धचे चित्र विनापरवाना रंगवले, तेव्हा त्याला दंड झाला. पण पुढे त्याच शहराच्या उद्यान विभागाने ती भिंत पुन्हा रंगवण्यासाठी त्यालाच बोलावले आणि ते चित्र आजही जपलेले आहे. १९९० साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, एड्समुळे त्याचा मृत्यू झाला. या सगळ्या हकिगतीत मला उद्यान विभागाचा तो निर्णय विशेष मोलाचा वाटतो, कारण सरकारी खाते आपले मत बदलू शकते आणि त्यातून शहराला काही टिकाऊ मिळते, हे त्याने दाखवून दिले.

काळा फळा आणि पांढरा खडू ही सामग्री खान्देशातल्या कोणत्याही शिक्षकाला परकी नाही. जयंती, पुण्यतिथी, पोळा, आषाढी एकादशी अशा निमित्तांनी शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी फलकलेखन करणारे कलाशिक्षक आमच्याकडे पुष्कळ आहेत. मुले येण्याआधी काढलेले बहिणाबाईंचे किंवा साने गुरुजींचे चित्र पुढच्या निमित्ताला ओल्या फडक्याने पुसले जाते आणि मोबाइलमधल्या एखाद्या फोटोपलीकडे त्याचे काही उरत नाही.

पेंटरांचे काम याहून मोठे आणि याहून अधिक दुर्लक्षित आहे. दुकानांच्या पाट्या, दूध डेअरीच्या भिंती, ट्रॉल्यांच्या फळ्या, तमाशाच्या फडांचे पडदे, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा, ही सारी कामे गावोगावच्या पेंटरांनी केली. चौकटी आखून हातातल्या लहानशा फोटोवरून पुरुषभर उंचीचा चेहरा भिंतीवर चढवणे, अक्षराला सावली देऊन ते उठावदार करणे, रस्त्यापलीकडून सहज वाचता येईल असे दोन अक्षरांतले अंतर निव्वळ नजरेने राखणे, ही विद्या त्यांनी उस्तादाच्या हाताखाली ब्रश धुता धुता मिळवली. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली होती, हे येथे आठवण्यासारखे आहे. फ्लेक्सची छपाई आल्यावर आमच्या पेंटरांची मिळकत आटली. कोणी घरांच्या रंगकामाला लागले, कोणी नंबरप्लेटवर आले. जुन्या पाट्या आता पत्र्याच्या भावाने भंगारात जातात.

आता तर शहर सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंती पुन्हा रंगवल्या जात आहेत, आणि ते चांगलेच आहे. पण अशा एका कामात मी जवळून पाहिले की नमुने बाहेरून ठरून आले, ठेका चौरस फुटावर दिला गेला आणि प्रत्यक्ष रंगवणाऱ्या हातांना सही करण्याचीसुद्धा मुभा मिळाली नाही. अजिंठ्याच्या भिंती ज्यांनी रंगवल्या त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. ज्यांची नावे आज विचारता येतात, त्यांची तरी आपण लिहून ठेवावीत.

शेजारच्या मध्य प्रदेशात काय घडले तेही आपण पाहावे. झाबुआकडच्या भिल्ल समाजातल्या भुरीबाई भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. त्यांचे चित्रकौशल्य चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी ओळखले, त्यांना कागद आणि रंग दिले, आणि २०२१ साली भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. सातपुड्याच्या अलीकडे, धडगाव-अक्कलकुवा भागात, तोच समाज राहतो; तिथल्या भिंतींपर्यंतही आपल्या विभागाने पोहोचायला हवे.

असे प्रदर्शन पाहायला इकडे माणसे येतील का, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबईत जन्मलेले केकी मूस चाळीसगावात राहूनच छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आले आणि १९८९ साली तिथेच वारले. त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून पाहता येते. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ ही इतिहास संशोधनाची संस्था आहे. वातानुकूलित दालन नसले तरी अडणार नाही, कारण २०१७ साली मुंबईच्या ससून डॉकच्या गोदामांत कला प्रदर्शन भरले होते आणि कापसाच्या या मुलखात जिनिंगच्या रिकाम्या शेडही मिळू शकतील.

आधी कला संचालनालयाच्या मदतीने तिन्ही जिल्ह्यांतल्या पेंटरांची, फलकलेखन करणाऱ्या शिक्षकांची आणि सातपुड्यातल्या चित्रकारांची नोंद व्हावी, शिल्लक पाट्यांची छायाचित्रे घेतली जावीत आणि निवडक पाट्या योग्य मोल देऊन विकत घ्याव्यात. नंतर प्रदर्शन जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा क्रमाने फिरावे. प्रवेश मोफत असावा आणि शाळांच्या सहलींसाठी एस. टी.ची सोय व्हावी. प्रत्येक कामाखाली ते करणाऱ्याचे नाव आणि गाव असावे.

उद्घाटनाला आपण अवश्य यावे. मात्र फीत कापण्याचा मान एखाद्या वयोवृद्ध पेंटराला द्यावा, आणि दारावरची पाटी छापून न आणता त्याच्याकडूनच, त्याची नेहमीची मजुरी देऊन, रंगवून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक कलाशिक्षक, जळगाव जिल्हा